ब्लोफ्लायच्या अळीचे वय काढताना तापमान नेमके कोठले धरावे?

प्रश्न फौजदारी वकिली करणाऱ्या एका वाचकाचा आहे आणि तो थोडक्यात असा: मृतदेहावर सापडलेल्या माशीच्या अळ्यांवरून मृत्यूला किमान किती दिवस झाले हे तज्ज्ञ सांगतात, परंतु अळीची वाढ जर हवामानावर अवलंबून असेल, तर मे महिन्यातल्या चंद्रपूरला आणि जुलैमधल्या रत्नागिरीला एकच कोष्टक कसे लागू पडेल, आणि "इतक्या तासांत अंडे फुटते, इतक्या दिवसांत कोष होतो" असे छापील आकडे उलटतपासणीत कितपत टिकतील?

छापील दिवस टिकत नाहीत. त्या दिवसांमागे असलेली उष्णतेची बेरीज मात्र टिकते, पण ती बेरीज करताना घेतलेले तापमान खरोखर त्या अळीच्या वाट्याला आले होते हे दाखवता आले तरच. माझ्या अनुभवात अशा अहवालांतल्या बहुतेक चुका जीवशास्त्राच्या नसतात; सूत्रात घातलेल्या तापमानाच्या आकड्याच्या असतात. म्हणून उत्तराचा बराचसा भाग त्या आकड्यावरच खर्च करणार आहे.

ब्लोफ्लाय म्हणजे मासळी बाजारात, खाटकाच्या दुकानाजवळ आणि उकिरड्यावर दिसणारी हिरव्या-निळ्या धातूसारख्या चमकेची माशी. आपल्याकडे मृतदेहावर सर्वांत आधी बहुधा क्रायसोमाया मेगासेफाला पोहोचते. तिच्याबरोबर किंवा थोड्या अंतराने क्रायसोमाया रुफिफेसिस येते, जिची केसाळ दिसणारी अळी प्रसंगी दुसऱ्या अळ्यांनाही खाते. लुसिलिया वंशाच्या माशाही आढळतात. अंडे, दोनदा कात टाकून पुढे सरकणाऱ्या अळीच्या तीन अवस्था, खाणे थांबवून जागा शोधत फिरणारी अळी, कोष आणि माशी असा हा क्रम आहे. तो सर्व प्रजातींत सारखाच असतो, वेग मात्र सारखा नसतो.

माशीला स्वतःच्या शरीराचे तापमान स्थिर राखता येत नाही. तिच्या पेशींतल्या विकरांच्या क्रिया भोवतालच्या उष्णतेनुसार मंद किंवा जलद होतात आणि वाढीचा वेगही त्यांच्याबरोबर बदलतो. एका ठरावीक तापमानाखाली वाढ जवळजवळ थांबते, त्याला किमान मर्यादा म्हणू. त्या मर्यादेच्या वर बऱ्याच अंतरापर्यंत वेग सरळ रेषेत वाढत जातो. मग एका टप्प्यावर रेषा वाकते, आणि आणखी उष्णता दिल्यास वाढ उलट मंदावते किंवा अळी मरते. रेषेच्या सरळ भागात एक सोपा नियम चालतो: तापमानातून किमान मर्यादा वजा करावी, उरलेल्या अंशांना दिवसांनी गुणावे, म्हणजे अंश-दिवस मिळतात. एखाद्या प्रजातीला अंड्यापासून माशी होण्यास लागणारे एकूण अंश-दिवस जवळजवळ स्थिर असतात. उष्णतेची बेरीज करून वाढ मोजण्याची ही कल्पना फ्रेंच निसर्गअभ्यासक रेओम्यूर यांनी १७३५ मध्येच मांडली होती.

आकडे घेऊन पाहू. रशियन संशोधक मार्चेंको यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार लुसिलिया सेरिकाटा या हिरव्या माशीची किमान मर्यादा ९ अंश आणि एकूण गरज २०७ अंश-दिवस आहे. समजा एक मृतदेह वातानुकूलन चालू असलेल्या २० अंशांच्या खोलीत आहे आणि दुसरा ३१ अंशांच्या उघड्या आवारात. पहिल्या ठिकाणी रोज ११ अंश-दिवस जमा होतात, म्हणजे माशी बाहेर पडायला सुमारे १९ दिवस लागतील. दुसऱ्या ठिकाणी रोज २२ जमा होतात, म्हणजे साडेनऊ दिवस पुरतील. थर्मामीटरवर तापमान दीडपट दिसते आणि वाढीचा वेग मात्र बरोबर दुप्पट होतो, कारण अळीच्या दृष्टीने पहिल्या नऊ अंशांना काहीच किंमत नाही. हे लक्षात न घेता सरळ त्रैराशिक मांडलेले अहवाल मी पाहिले आहेत.

याच मांडणीतून आणखी एक गोष्ट दिसते, आणि वकिलांनी ती विशेष लक्षात ठेवावी. तापमानातल्या चुकीची किंमत सर्वत्र सारखी नसते. वरच्याच माशीसाठी खरे तापमान ३० अंश असताना कोणी २८ धरले, तर एकूण कालावधीत जेमतेम एका दिवसाचा फरक पडतो. याउलट थंड प्रदेशातली कॅलिफोरा विसिना ही निळी माशी घेतली, जिची मर्यादा त्याच माहितीनुसार २ अंश आणि गरज ३८८ अंश-दिवस आहे, तर १० अंशांना तिला सुमारे साडेअठ्ठेचाळीस दिवस लागतात आणि ८ अंशांना जवळजवळ पासष्ट. चूक त्याच दोन अंशांची असते, पण ती सोळा दिवसांना पडते. तापमान मर्यादेच्या जितके जवळ, तितका प्रत्येक अंश महाग. म्हणून हिमाचलातल्या जानेवारीतल्या प्रकरणात जेवढी सावधगिरी लागते, तेवढी मुंबईच्या ऑक्टोबरात लागत नाही.

सरासरी तापमान वापरण्याची सवयही याच कारणाने कधी निर्धोक असते आणि कधी फसवी ठरते. समजा थंडीच्या दिवसांत बारा तास तापमान १६ अंश राहते आणि उरलेले बारा तास २ अंश. सरासरी येते ९. ९ अंशांची मर्यादा असलेल्या माशीसाठी या सरासरीवरून हिशेब केला तर वाढ शून्य, म्हणजे अळी कधीच मोठी होणार नाही. प्रत्यक्षात दिवसाचे बारा तास तिला मर्यादेपेक्षा सात अंश अधिक मिळतात, म्हणजे रोज साडेतीन अंश-दिवस जमा होतात. रात्री काही जमा होत नाही, पण दिवसाचे जमा झालेले परतही जात नाही. त्यामुळे तापमान मर्यादेखाली उतरत असेल, तर दैनंदिन सरासरी बाजूला ठेवून तासागणिक नोंदी घ्याव्यात आणि प्रत्येक तासाचा हिशेब वेगळा करावा.

वरच्या टोकाला नेमके उलटे होते. साधारण ३५ अंशांच्या पुढे बऱ्याच प्रजातींची सरळ रेषा मोडते, परंतु सूत्राला ते ठाऊक नसते. चंद्रपूरच्या मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या वर गेला की सूत्र अळीच्या खात्यात भरभरून अंश जमा करते, आणि उन्हात पडलेल्या मृतदेहाच्या पृष्ठभागावरची अळी मात्र तेवढ्या वेळात वाढत नसते, जीव वाचवण्यासाठी सावलीच्या बाजूला, कपड्यांखाली किंवा शरीराच्या आत सरकत असते. भर दुपारच्या अशा उन्हात माश्यांची वर्दळ आणि अंडी घालणेही मंदावते. ती कामे सकाळी आणि उतरत्या उन्हात होतात. उघड्यावरच्या मृतदेहाची कातडी लवकर वाळते, आणि वाळलेली कातडी लहान अळीला खाता येत नाही. म्हणून विदर्भातल्या उन्हाळ्यातल्या प्रकरणात मी हवामानाच्या आकड्याआधी एक साधी गोष्ट विचारतो: मृतदेह दिवसाच्या कोणत्या वेळी उन्हात होता आणि अळ्या त्याच्या कोणत्या बाजूला सापडल्या?

जुलैमधली रत्नागिरी या तुलनेत सोपी. ढगाळ हवेत दिवस आणि रात्र यांतले अंतर थोडे असते, तापमान पंचविशीच्या ते एकोणतिशीच्या घरात फिरते, आणि हा सगळा पट्टा रेषेच्या सरळ भागात येतो. तेथे सरासरी खुशाल वापरावी. अशा हवेत क्रायसोमाया मेगासेफाला अंड्यापासून माशीपर्यंत साधारण दहा दिवसांत पोहोचते. कोकणातली अडचण वेगळी असते: मुसळधार पावसात माशी उडत नाही, आणि झड दोन दिवस टिकली तर अंडी घालणेच दोन दिवस लांबू शकते. अळीचे वय अचूक काढले तरी मृत्यू त्याहून बराच आधीचा असू शकतो, म्हणून आम्ही नेहमी "किमान" हा शब्द वापरतो. रात्र, बंद खोली, चादरीत किंवा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला मृतदेह यांनाही हेच लागू पडते.

आता मूळ मुद्दा: तापमान नेमके कोठले? अंडी नाकपुडीत, डोळ्याच्या कोपऱ्यात किंवा जखमेच्या कडेला घातलेली असतात. त्यांचे तापमान जवळपास तेथल्या सावलीतल्या हवेइतके धरता येते. तिसऱ्या अवस्थेतल्या अळ्या मोठ्या पुंजक्याने राहतात आणि पुंजका स्वतःची उष्णता निर्माण करतो. खाणे संपलेली अळी मृतदेह सोडून काही मीटरपर्यंत दूर जाते, मातीत किंवा सतरंजीखाली शिरते आणि तेथेच कोष करते, तेव्हा तिच्यासाठी त्या मातीचे तापमान खरे. एकूण वाढीचा सुमारे निम्मा काळ कोषातच जातो, तरीही घटनास्थळी चार-पाच सेंटिमीटर खोलीवरच्या मातीचे तापमान घेतलेले मला क्वचितच आढळते.

वेधशाळेचा आकडा यांपैकी कोठलाच नसतो. तो मोकळ्या जागेत, जमिनीपासून माणसाच्या छातीच्या उंचीवर, हवा खेळती ठेवणाऱ्या पांढऱ्या पेटीत मोजलेला असतो. मृतदेह मात्र जमिनीवर असतो, नाल्यात असतो, बंद मोटारीत असतो. अंतरानेही फरक पडतो. एकट्या मुंबईत, हिवाळ्यातल्या रात्री सांताक्रूझचे किमान तापमान समुद्राने तिन्ही बाजूंनी वेढलेल्या कुलाब्यापेक्षा दोन-तीन अंशांनी कमी असणे ही नेहमीची गोष्ट आहे. आरे वसाहतीच्या झाडीतल्या मृतदेहासाठी कुलाब्याचा आकडा घेणे म्हणूनच समर्थनीय नाही, मग तो कितीही शासकीय असो.

यावर उपाय आहे. मृतदेह हलवल्यानंतर त्याच जागी तापमान नोंदवणारे छोटे यंत्र आठवडाभर ठेवायचे, त्याच दिवसांच्या वेधशाळेच्या नोंदींशी त्याची तुलना करायची, दोहोंतला संबंध काढायचा आणि त्या संबंधाने मागच्या दिवसांच्या नोंदी दुरुस्त करायच्या. युरोपातल्या न्यायवैद्यक कीटकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनातही घटनास्थळी अशा नोंदी घेण्यावर भर आहे. हा उपाय मी वापरतो, पण त्यावर आंधळा विश्वास ठेवू नये असे माझे मत आहे. घटनेच्या दिवसांत पाऊस होता आणि यंत्र ठेवल्यावर कडक ऊन पडले, तर काढलेला संबंध दुसऱ्याच हवामानाचा असतो. झाडाखालची जागा आणि मोकळी वेधशाळा यांतला फरक उन्हात मोठा असतो आणि ढगाळ दिवसांत जवळजवळ नाहीसा होतो.

अळ्यांच्या पुंजक्याची उष्णता हा या विषयातला सर्वांत अवघड भाग आहे. हजारो अळ्या एकत्र खातात, वळवळतात, त्यांच्या पाचक स्रावांनी भोवतालचे मांस विरघळते, आणि पुंजक्याचे तापमान हवेपेक्षा दहा-वीस अंशांनी सहज वर जाते. ४० अंशांच्या आसपासचे आकडे मिळणे अजिबात असाधारण नाही. थर्मामीटरची सळई मध्यभागी खुपसली की आकडा चढतो, चार बोटे बाजूला सरकवली की उतरतो. प्रश्न असा की यांपैकी अळीने कोणता आकडा अनुभवला? तिने दोन्ही अनुभवले, कारण ती एका जागी थांबत नाही. मध्यभागी फार तापले की कडेला येते आणि पुन्हा आत शिरते. शिवाय अंडी आणि लहान अळ्या अशी उष्णता जाणवण्याइतकी निर्माण करत नाहीत. पुंजक्याचा आकडा सगळ्या दिवसांना लावणे त्यामुळे चुकीचे, आणि तो पूर्णपणे सोडून देणेही तितकेच चुकीचे.

या फरकाचा परिणाम किती होतो ते एका काल्पनिक प्रकरणावरून दाखवतो. लुसिलिया सेरिकाटाच्या पूर्ण वाढलेल्या अळ्या घटनास्थळावरून आणून प्रयोगशाळेत २५ अंशांवर ठेवल्या आणि आठ दिवसांनी माश्या बाहेर पडल्या. आठ दिवसांत रोज १६ प्रमाणे १२८ अंश-दिवस येथे जमा झाले. २०७ मधून ते वजा केले की ७९ उरतात, म्हणजे तेवढी उष्णता घटनास्थळी मिळालेली होती. तेथल्या हवेची सरासरी २२ अंश धरली तर रोज १३ प्रमाणे अंडी गोळा करण्याच्या सहा दिवस आधी घातलेली ठरतात. आता असे धरा की शेवटचे दोन दिवस या अळ्या ३२ अंशांच्या पुंजक्यात होत्या. त्या दोन दिवसांत ४६ अंश-दिवस मिळाले, राहिलेल्या ३३ साठी हवेच्या तापमानाला अडीच दिवस लागले, आणि एकूण काळ साडेचार दिवसांवर आला. सहा आणि साडेचार यांमध्ये एखाद्या आरोपीची परगावी असल्याची सबब उभी राहू शकते किंवा कोसळू शकते. म्हणून मी अहवालात एकच आकडा देत नाही. पुंजक्याच्या उष्णतेसह आणि तिच्याविना असे दोन्ही हिशेब मांडतो आणि कोणत्या बाजूला कल आहे ते कारणांसह लिहितो.

शवागारातले शीतकपाट हा याच साखळीतला दुर्लक्षित दुवा आहे. सुमारे ४ अंशांना वाढ थांबते असे धरून ती रात्र हिशेबातून वगळण्याची प्रथा आहे. एकट्या-दुकट्या अळीच्या बाबतीत ते ठीक, पण मोठा पुंजका पिशवीत बंद असेल तर तो तासन्‌तास ऊबदार राहतो आणि अळ्या खात राहतात. शवविच्छेदनाच्या वेळी पुंजक्याचे तापमान घेतले, तर ती रात्र मोजायची की वगळायची हे ठरवता येते. मृतदेह शीतकपाटात कधी ठेवला आणि कधी बाहेर काढला, या दोन वेळा नोंदीत नसतील तर बचाव पक्षाने त्यावर जरूर बोट ठेवावे.

अळीची अवस्था ओळखण्यातही तापमान आडून काम करते. सूक्ष्मदर्शकाखाली मागच्या टोकाच्या श्वासरंध्रांवर दुसऱ्या अवस्थेत दोन आणि तिसऱ्या अवस्थेत तीन फटी दिसतात. हे लक्षण उष्णतेने बदलत नाही, म्हणून ते भरवशाचे. लांबी मात्र फसवते. तिसऱ्या अवस्थेतली अळी खाऊन लांब होते आणि खाणे थांबल्यावर आखडू लागते, त्यामुळे चौदा मिलिमीटरची अळी चढतीवरची असू शकते आणि उतरतीवरचीही. अर्धपारदर्शक कातडीतून पुढच्या भागात दिसणारी अन्नपिशवी गडद आणि भरलेली असेल तर अळी अजून खाते आहे. रिकामी होत पांढुरकी झाली असेल तर तिने खाणे सोडले आहे. लांबी मोजायचीच असेल तर अळ्या आधी उकळीला आलेल्या पाण्यात मारून मग अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात. जिवंत अळी थेट अल्कोहोलमध्ये टाकली की ती आकुंचन पावते आणि वय कमी दिसते. फार उष्णतेत किंवा दाटीत वाढलेल्या अळ्या मुळातच आखूड राहतात, हेही त्यात धरावे लागते.

दुसऱ्या देशातले कोष्टक उचलून वापरल्यास काय होईल हे १९३५ मधल्या एका गाजलेल्या प्रकरणावरून ताडता येते. त्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या मॉफट गावाजवळच्या घळीत दोन स्त्रियांच्या मृतदेहांचे तुकडे सापडले. ग्लासगो विद्यापीठातले अलेक्झांडर मर्न्स यांनी त्यांवरच्या कॅलिफोरा विसिनाच्या अळ्या तपासून त्यांचे वय १२ ते १४ दिवस असल्याचे सांगितले आणि ते बाकीच्या पुराव्याशी जुळले. आरोपी बक रक्स्टन हा मुंबईत जन्मलेला आणि मुंबई विद्यापीठात शिकलेला पारशी डॉक्टर होता. १९३६ मध्ये त्याला फाशी झाली. स्कॉटलंडच्या थंड सप्टेंबरात जी बारा-चौदा दिवसांची पिल्ले अजून अळीच होती, तेवढ्या काळात मुंबईतली क्रायसोमाया कोष फोडून उडून गेली असती.

छापील कोष्टकांबद्दल विचारलेत, तर त्यांतले सर्वांत परिचित कमाल नावाच्या संशोधकांचे १९५८ मधले आहे आणि ते २६.७ अंश या एकाच स्थिर तापमानावर वाढवलेल्या माश्यांचे आहे. त्यातले तास घटनास्थळाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. ते आधी अंश-तासांत बदलावे लागतात, आणि त्यासाठी त्या प्रजातीची किमान मर्यादा माहीत असावी लागते. ही मर्यादा एकाच प्रजातीच्या थंड आणि उष्ण प्रदेशांतल्या माश्यांतही काहीशी निराळी निघू शकते. म्हणून वर वापरलेले २०७ आणि ३८८ हे आकडे पद्धत समजण्यापुरते घ्यावेत, पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या प्रकरणात लावू नयेत. उलटतपासणीत तज्ज्ञाला प्रजाती कोणती, मर्यादा किती धरली, ती कोठल्या माश्यांवरून काढली, आणि तापमानाची नोंद मृतदेहापासून किती अंतरावरची आहे, एवढे विचारावे. अहवाल नीट केलेला असेल तर चारही उत्तरे त्यातच लिहिलेली सापडतील.